कुंपणापलीकडची काकडी

पेइप्सी तळ्याच्या काठी वाफे उंच घालतात,
गुडघ्याएवढे: तळाला कुजका लव्हाळा, वर शेण,
मग माती.
जूनमध्ये तिथे रात्र नीटशी पडत नाही,
गारठा मात्र पडतो.
फेव्रोनिया तेव्हा नवऱ्याचा कोट काकडीच्या रोपांवर पांघरते
आणि स्वतः कुडकुडत बाकावर बसते.

कुंपणापलीकडे तिची सख्खी बहीण, उस्तीन्या.
बापाच्या होडीवरून अबोला. अकरा वर्षं.
होडी तर केव्हाच कुजली.

यंदा एक वेल फळ्यांवर चढला.
हिने दोनदा वळवला, सुतळीने बांधला,
तिसऱ्या दिवशी पुन्हा पलीकडे.
काकडी धरली तीही पलीकडेच.

आता ही कुणाची?
मी टपालाची सायकल थांबवून बघायचो.
शेपू फुलला, घरोघर बरण्या उकळल्या,
मीठ संपलं दुकानातलं,
काकडी तशीच.
जाड झाली, पिवळी पडली,
बेडकाच्या पोटासारखी.
दोघींपैकी कुणी हात लावेना.

सप्टेंबरात उस्तीन्याने पाकीट दिलं.
पत्ता शेजारचा. वर रीतसर तिकीट.
म्हटलं, नुसती हाक मारलीस तरी पोचेल.
"तू तुझं काम कर."

चालताना बोटांना लागल्या, बिया होत्या.
फेव्रोनियाने टेबलावर ओतल्या, एकेक मोजल्या.
"निम्म्या ठेवून घेतल्या मेलीने," म्हणाली,
"अगदी बापावर गेलीय."

आणि पाकीट भट्टीमागे ठेवलं,
ओल पोचत नाही तिथे.