कडेचं बोट

रात्री पावणेदोन. बर्गेनमध्ये माझी कॉफी गार.
काराशोकहून एक्स-रे आलाय :
मुस्ते, वय सहा, रेनडिअर राखणारा कुत्रा.
तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द, 'लंगडतो'.

कोपराजवळ केसाएवढी रेघ.
भेग असेल, नाहीतर रक्तवाहिनीची वाट;
एका बाजूनं बघून कुणी शपथ घ्यावी?
आणि पाय कुठला?
कोपऱ्यातलं शिशाचं अक्षर ठेवायचं राहिलंय.

'फ्रॅक्चर' टाइप करते.
खोडते.
माझ्या अंदाजावर सकाळी कुणीतरी सुरी चालवेल.

मग कडेला दिसतं ते :
तीन पेरं, एक अंगठी.
हातमोजा नाही.
मला पैसे कुत्रा वाचायचे मिळतात, माणूस नाही.

तरी फोन लावते.
"दुसरी बाजू हवी, रग्नहिल्ड. पायाची खूण हवी.
कधीपासून, कशानं, तेही सांग.
आणि धरलं होतं कुणी?"
थोडा वेळ नुसती खरखर.
"आयलूनं. मालकानं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही तो."
"दरवेळी?"
"दरवेळी."
"मग आज त्याला भूल दे.
आयलूला बाहेर बसव, दार लाव."

तीनला नवे फोटो. कोपऱ्यात एच, म्हणजे उजवा.
शनिवारी स्नोस्कूटरवरून पडला होता म्हणे.
दुसऱ्या बाजूनं रेघ दिसत नाही.
लिहिते : मला भेग दिसली नाही.
'नाही' असं लिहीत नाही.
दहा दिवसांनी पुन्हा काढा, तोवर कळपामागे सोडू नका.

पाठवण्याआधी कडा पुन्हा बघते.
तिथं नुसती हवा,
हवा दिसते तशी, काळी.