हजेरी क्रमांक सात

शाळेची वीज कापून चौथा महिना.
बिल पंचायतीनं भरायचं की आम्ही,
तो कागद अजून तालुक्याला फिरतो आहे.
दहा टॅब मात्र आले. मंडप घालून, नारळ फोडून.
प्रत्येकाच्या पाठीवर मी लाल ऑइलपेंटनं आकडा टाकला,
बाकांवर टाकतात तसा.

रोज साडेचारला
खिचडीचा धुतलेला गंज पुसून कोरडा करते पंचफुलाबाई,
दहाही टॅब त्यात उभे रचते, वर दुपट्टा,
आणि डोक्यावर घेऊन घरी नेते चार्जिंगला.
तिच्या बिलातले नव्वद रुपये मी देतो.
वाटेत कोणी टोकलं तर म्हणते,
"पोट्ट्यायची शाळा झोपाले नेतो, बापा."

नेट फक्त बोडीच्या पाळीवर.
शनिवारी मोहाखाली बसून
एकेक टॅब उघडायचा, हात दुखेपर्यंत वर धरायचा.
हिरवी रेघ सरकते,
आठवड्याचा अभ्यास वर जातो.
वर म्हणजे कुठे, मला खरंच माहीत नाही.

त्या शनिवारी, क्रमांक सात.
आचल नन्नावरे, इयत्ता तिसरी.
संक्रांतीनंतर आईबापासोबत तेलंगणात गेली, मिरची तोडायला.
हजेरीपटात तिच्यासमोर मी रोज लाल 'गै' काढतो.
आणि इथे:
काना, मात्रा, वेलांटी पूर्ण.
जोडाक्षरं, सहा वेळा चूक, सातव्यांदा बरोबर.
वेळ रात्री अकरा चाळीस.

वाटलं, यंत्राचा बिघाड.
तक्रार नोंदवायला नंबरही शोधला.
मग गिरवण्याचं पान उघडलं.
एक 'ळ' होता, जाड बोटाचा, थरथरत वळलेला,
आणि काचेच्या कडेला
हळदीचा डाग.

सोमवारी विचारलं नाही. चुलीजवळ नुसता उभा राहिलो.
तीच बोलली, कलथा न थांबवता:
"चिडत नाही जी, ते आतली बाई.
किती खेपा चुकलं तरी म्हणते, पुन्हा प्रयत्न करा.
आमच्या येळी गुरुजीनं एकच खेप म्हटलं होतं,
जाय घरी."

अठ्ठावीस वर्षं झाली मला शिकवून.
किती जणांना मी काय काय म्हटलं असेन.
तिनं चाखायला हातावर चमचाभर खिचडी ठेवली.
मीठ बरोबर आहे, एवढंच म्हणालो.

महिनाअखेरीस केंद्रप्रमुखांचा फोन:
"तुमची ही आचल, एकाहत्तर टक्के प्रगती!
केंद्रात पहिली. शाळेत आणा, सत्कार करू."
मी म्हणालो, बाहेरगावी आहे साहेब.
खोटं तसं काहीच नव्हतं त्यात.

चैत्रात आचल आली.
बोटांची सालं निघालेली. डोळ्यांना हात लावू नको, सगळे तिला सांगत होते.
तिनं सात नंबर उघडला,
बराच वेळ पाहत राहिली.
"सर, हे मी नाही शिकलो.
माह्या नावावर कोण शिकलं?"

वर्ग शांत. मी खडू शोधू लागलो.
दारात पंचफुलाबाई, पदराला हात पुसत.
ती आत आली. पहिल्यांदाच, झाडूशिवाय.
"सरक थोडशी," म्हणाली,
आणि सतरंजीवर मांडी घालून बसली.
"हा स्व होय. सयपाकातला स्व.
आपण सयपाक म्हणतो नं, पुस्तकात तो असा रायते.
मलेबी लवकर नाही आला."

सोललेलं बोट काचेवर टेकलं,
तिच्यामागे दुसरं, जाड.

सातव्या चौकटीत मी 'ह' लिहिला.
चौकट केवढीशी,
दुसरं नाव मावण्यासारखी नाही.

खिचडी त्या दिवशी तळाला लागली.
पोरांनी खरवड मागून खाल्ली.