तिसरा कप्पा

वडगावात साडेअकराला माग एकेक करून थांबतात.
शेवटचा थांबतो शिवाप्पा हजेरींचा,
मग पंख्याचा आवाज ऐकू येतो
आणि माझं काम सुरू होतं.

पुण्यात कुठल्याशा थंडगार खोलीत
संगणकांची कपाटं रांगेनं उभी आहेत.
मी ती पाहिलेली नाहीत.
लांब कुठल्या माळावर चोवीस थाळ्या
आभाळाकडे तोंड करून बसतात,
आणि प्रत्येकीचा धागा
दुसऱ्या प्रत्येकीच्या धाग्यातून काढायचा असतो.
दोनशे शहात्तर जोड्या, दादांना मी सांगितलं.
"मग विणकामच की," दादा म्हणाले.
"धोटा किती वेळा फिरतो?"
सेकंदाला अब्जावधी वेळा.
दादा बराच वेळ गप्प.
"आणि पट्टा किती दिवस टिकतो?"

माझ्या पडद्यावर चौकोन येतात,
निळ्या अंधारात पिवळी रेघ.
सरळ असेल तर मोबाइलचा टॉवर,
तिरकी गेली तर विमान,
भुसा उडाल्यासारखं दिसलं तर कुणाची तरी मोटर.
आकाश असेल तर एक दाबायचं, गोंगाट असेल तर दोन.
रात्रीत नऊशे चौकोन.
यंत्र माझ्याकडून शिकतं
आणि माझ्या झोपेच्या चुकाही शिकत असणार,
हे कुणी विचारत नाही, मी सांगत नाही.

आई ताण्याचे धागे मोजते ओंदु, एरडु, मूरु,
आणि चुकली की देवाला मराठीत बोलते.
शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेसमोर
एकच चौकट होती.
बाईंनी पेन माझ्या हातात दिलं होतं
आणि मागची रांग वाढत होती.

तर त्या मंगळवारी एक ठोका आला.
सव्वा सेकंदानं पुन्हा. पुन्हा.
लांबचा असेल तर वरचे सूर आधी येतात,
खालचे मागून, पाय ओढत.
हा पाय ओढतो की नाही, नीट दिसेना.
यंत्र म्हणालं गोंगाट, शंभरात सत्त्याण्णव.
मी त्याचा आवाज करून हळू लावला.

"काय करूलीस एवढ्या रात्री?"
दादा दारात, खांद्यावर टॉवेल.
बारा माग चालू असताना
कुठल्याचा धागा तुटला हे खाटेवरून सांगणारा माणूस.
भिंतीला टेकून त्यांनी ऐकलं,
बोटानं मांडीवर ताल धरला, सोडला, पुन्हा धरला.
"ह्यो आपल्या गल्लीतला नव्हे."
एवढं बोलून ते झोपायला गेले.

मी एक दाबलं नाही, दोन दाबलं नाही.
बाजूला एक कप्पा उघडला,
त्याला नाव दिलं: अजून ठाऊक नाही.
पुण्याहून आधी विचारणा झाली,
मग चिडका निरोप,
मग बारा दिवस काहीच नाही.

शेवटी मालविका मॅडमचं उत्तर आलं.
डोंगरापलीकडे मक्याचं शेत आहे,
रानडुकरांसाठी तारेचं कुंपण,
दर सव्वा सेकंदाला झटका.
यंत्र बरोबर होतं. गोंगाट.

दादांना सांगायला गेले तेव्हा
ते बाबीण बदलत होते.
एवढ्या आवाजात दोनदा सांगावं लागलं.
"मग?" दादा म्हणाले, वर न बघता,
"म्हटलं नव्हतं? आपल्या गल्लीतला नव्हेच."

कप्प्यात आता एक्केचाळीस आहेत.
मालविका मॅडम म्हणतात, महिनाअखेर रिकामा करा.
काल लाईट गेली तेव्हा
सगळे माग एकदम थांबले, पंखाही,
आणि दादा अंगणात मान वर करून उभे होते,
बोट मांडीवर.
मी विचारलं नाही.