चौथा बोया

भरती थांबते आणि ओहोटी अजून उठत नाही
त्या मधल्या वीस मिनिटांत
शापोऱ्याचं पाणी कुणाचंच नसतं.
कामुर्लीची पहिली फेरी सुटायच्या आत
मी इंजिन गरम करून ठेवतो.
सहा बोये, नारिंगी, वाटेच्या दोन्ही अंगांना.
मी मधून सरळ जायचं,
फिलोमेनाने माझ्यामागून वळत वळत.

आठवडाभर ती म्हापशाला बँकेत नोटा मोजते.
सत्तेचाळीस वर्षं, बावन्न किलो.
रविवारी एकाच फळीवर दोन्ही पाय पुढेमागे अडकवून
पाण्यात बसते, गुडघे छातीशी,
आणि म्हणते, "व्हर, पागीबाब."

सगळ्यांना वाटतं, काम दंडांचं आहे.
तसं वाटणारा एक पोरगा होता, शर्मद,
जिममधून थेट आलेला.
दोरी ताणली की कोपरं दुमडायचा,
मूठ छातीकडे खेचायचा,
जणू बोटच आपल्याकडे आणणार.
दोनशे अश्वशक्ती आहे रे बाबा, नाही येत.
खांदा धरून गेला बिचारा.

हात लांब, दंड बरगड्यांना लागलेले.
मूठ खाली, कमरेपाशी.
खरं म्हणजे कंबरच मुठीपाशी न्यायची.
पुढचा गुडघा मऊ,
घोट्यापासून डोक्यापर्यंत एक रेघ
आणि ती रेघ अख्खी बोटीपासून कललेली:
पडायला निघालेलं माणूस दोरीने धरून ठेवलंय,
आणि त्या अर्धवट पडण्यावरच ते पाणी कापत जातं.

इतकंच. आणि इतकंच जमत नाही.
बोटीच्या दुसऱ्या लाटेवर
फिलू कमरेत मोडते.
काउंटरवर कुणी ओळखीचं आल्यासारखी
जराशी पुढे वाकते,
खांदे पुढे, ढुंगण मागे,
की दोरी तिला उपटून काढते.
चौथ्या बोयापाशी नुसता फेस.
तीन रविवार. चार. नंतर मी मोजले नाहीत.

बापाची रापण होती कांदोळीला.
तीस माणसं वाळूत टाचा रुतवून मागे रेललेली,
दोरी कमरेला.
मी नऊ वर्षांचा, हातांनी ओढत होतो, तळवे सोललेले.
तो म्हणाला, "हातांना काय कळतं?
हात फक्त दोरीला सांगतात, माणूस कुठे आहे ते.
ओढतं ते बूड."
ती रापण आता एका हॉटेलात छताला टांगली आहे,
आत प्लास्टिकचे मासे.

हे फिलूला कधी सांगितलं नव्हतं.
कॅशियर बाईला बुडाचं कसं सांगायचं?
आज सांगितलं.
इतकी हसली की खारं पाणी प्याली.

निघालो. पहिला. दुसरा.
तिसऱ्यानंतर चाक माझ्या हातात जड झालं,
बोटीचं शेपूट तिच्या बाजूला सरकलं,
बावन्न किलोंनी, हो,
मी दोन बोटं उलटं फिरवून धरून ठेवलं.
झटका नव्हता. झटका मला ओळखू येतो.
हे वजन होतं, संथ, चढत जाणारं,
कुणी दाराला पाठ लावून उभं राहावं तसं.
एक लाट. दुसरी.
मोडलं नाही.
मग एकदम काहीच नाही, दोरी हलकी,
म्हणजे ती एक हात सोडून
तिकडे, बोयाच्या पलीकडे, वळत असणार.

पाचव्याला उशीर झाला. पडली.
वळसा घालून गेलो तर उताणी तरंगत होती,
फळी एका पायात, नाकातून पाणी.
खुबे काढणाऱ्या बायका
कमरेएवढ्या पाण्यात टोपल्या धरून बघत राहिलेल्या.
"पळयलें?" तिने विचारलं. "चौथ्याला कशी होते मी?"

खरं तर मी पुढे बघत होतो.
सरळ जाणाऱ्याला मागे वळून चालत नाही,
आणि आरशात नुसतं ऊन होतं.
"बरी," म्हटलं.

फेरीचा भोंगा वाजला.
"आणखी एकदा," ती म्हणाली.
मी बोयांकडे बघितलं. सगळे एकाच दिशेला
झुकायला लागले होते.
"पाणी गेलं," म्हटलं, "दोरी घे आत."