स्वेटर

आज खांबावर पिवळा झेंडा.
म्हणजे फ्रेस्नोची हवा बरी, चांगली नव्हे.
बागांवरून सरकत आलेलं धुकं
अजून गोलपोस्टला धरून बसलंय.

एलिसेओ बाकाकडे निघालाय, न सांगताच.
मागच्या शाळेत त्याचं कामच ते :
बाकीचे पळत, हा त्यांचे स्वेटर सांभाळी.

ते बाक मला माहीत आहे.
चौथीत मी अठरा स्वेटर मोजायचे,
कुणाच्या लोकरीला धुराचा वास, कुणाच्या भाताचा.
'हिला पळवू नका,'
आईला इंग्रजीत तेवढंच वाक्य लिहिता यायचं.

"निळा पंप?"
"घेतला, मिस व्हँग. पाव तास झाला."
"गळपट्टा नाकावर घे. आधी नुसतं चालू."

दोन फेऱ्या चालून,
मग बदामाच्या कुंपणापर्यंत सावकाश पळत.
घरच्या भाषेत आकडे मोज, म्हटलं, मोठ्यानं.
आकडा तुटला की चालायचं.
त्यात लाजायचं काय?

सोळावर तुटला.
चालला. खांदे खाली आले.
पुन्हा. बावीस.
पुन्हा,
आणि छातीत एक बारीक शीळ.

थांबलो. पंप.
मी घड्याळ बघत होते, तो मुंग्यांची रांग.
शीळ विरली तेव्हा म्हणाले, आज पळणं पुरे.
"मग उरलेलं चालतो," तो म्हणाला,
आणि निघालासुद्धा,
तेविसापासून मोजत.

बाकावर स्वेटरांचा ढीग,
एक लाल बाही चिखलात लोंबतेय.
राखायला कुणी नाही.