चौथ्या दिवशी पाणी

एजंट म्हणाला, घर दाखवायचं त्या दिवशी
मावशींना जरा शेजारी बसवा.
आजारी माणूस दिसलं की
गिऱ्हाईक लाखानं खाली येतं.
आणि तो औषधाचा वास, काका,
उदबत्ती लावा. दोन लावा.

म्हणून गुरुवारी, डायलिसिस नसतं त्या दिवशी,
राजमणीला मी जैनबच्या ओट्यावर बसवलं.
सुयांनी फुगलेला हात पदराखाली.
रिपोर्टांच्या पिशव्या पलंगाखाली सारल्या,
पलंगावर मोराची चादर,
मी ज्या मागावर होतो त्या मागावरची.
कुणाच्या तरी लग्नात द्यायला ठेवली होती,
कुणाच्या ते आठवत नाही.

दोन खोल्या, एक मोरी, वर पत्रा.
घर तिच्या नावावर.
पान कातर, तंबाखू भर, वळ, दोरा गुंडाळ,
दिवसाला हजार.
त्यातली छाट कारखाना काढून टाकायचा,
उरलेल्यातून हप्ता.
मी एकदा हिशोब मांडला होता,
मोरीचं दार किती विड्यांचं,
खिडकी किती विड्यांची.
पुढं सोडून दिला.
मागाच्या खडखडाटात आकडे टिकत नाहीत.

मशीनचे पैसे योजनेतून जातात.
इंजेक्शनं जात नाहीत, रिक्षा जात नाही,
जावयाकडून घेतलेले जात नाहीत.
माझा माग भंगारात गेल्याला दीड वर्ष झालं.

म्हेत्रे आले. नवरा, बायको, एक पोरगी.
नवऱ्यानं भिंतीवर टिचकी मारून पाहिली,
कलिंगडावर मारतात तशी.
एजंट म्हणाला, हवा खेळती, शेजार चांगला,
पाण्याचं तर टेन्शनच नाही.
मी गप्प.
उदबत्तीची राख वाकली आणि पडली.

तेवढ्यात दारात राजमणी.
भिंत धरत आलेली, पाय सुजलेले, अनवाणी.
म्हणाली, पाणी चौथ्या दिवशी येतं.
कधी पाचव्या.
रात्री दीडलाही येतं.
नळ आधी नुसती हवा सोडतो, फुस्स करून,
तेवढ्या आवाजाला जाग यायला पाहिजे.
पहिली कळशी ओतून द्यायची, गढूळ असते.
चैत्र लागला की पत्र्यावर ओली पोती टाका.
त्या कोपऱ्यात मुंग्या आहेत,
मारू नका, आपल्या आपण जातात.

एजंटानं माझ्याकडं पाहिलं.
मी मोराकडं.

म्हेत्रेबाईंनी विचारलं,
चार दिवसाला किती भरून ठेवता तुम्ही?
राजमणी हसली.
मला आता दिवसाला तीन पेले.
त्याच्यावर डॉक्टर पिऊ देत नाही.

चाळीस हजारानं खाली आले. लाखानं नाही.
जाताना पोरगी विचारत होती,
मोर पण घराबरोबर मिळतो का?
दिला.

रजिस्ट्रीला यंत्र तिचा अंगठा घेईना.
पुसला. पुन्हा ठेवला.
ओल्या फडक्यानं, कोरड्या फडक्यानं,
केसांवरून फिरवून.
कारकून म्हणाला, मावशी, रेषाच नाहीत की.
विडीला होता ना? रोज येतात असे हात.
तर्जनी. नाही. मधलं. नाही.
मागं रांग चुळबुळायला लागली.
आणि मला, कुणाला सांगू नका,
क्षणभर वाटलं,
न घेऊ दे यंत्रानं.
एकसुद्धा बोट न घेऊ दे.

करंगळी घेतली. डावी.
विडी वळताना तेवढीच बाजूला राहते.

आता दवाखान्यामागं भाड्याची खोली.
बोअरचं पाणी, नळ कधीही सोडा.
तरी चौथ्या रात्री ती उठून बसते,
अंधारात कान देऊन.
मी म्हणतो, झोप, इथं चोवीस तास आहे.
ती म्हणते, ते माहीत आहे मला.
ती बाई उठली असेल का?