अडीच गुंठे

शेडच्या मागं अडीच गुंठे.
वीस वर्षं मुलाम्याच्या टाकीतलं उरलंसुरलं
बाबांनी तिथंच ओतलं. हुपरीत तेव्हा सगळेच ओतायचे.
पैंजणं लखलखत बाहेर गेली,
जोड मोजून, गुलाबी कागदात.
मागं राहिली ती ही माती,
जिच्यावर कुंदासुद्धा टिकला नाही.

हौसाक्का झारेकरीण एकदा घमेलंभर घेऊन गेली,
गटारीच्या कडेला बसून पाण्यात घोळली,
चिमूटभर बोटांत चोळून पाहिली:
"चांदी न्हाई हिच्यात. दुसरंच कायतरी हाय."
दुसरंच म्हणजे शिसं, निकेल, कॅडमियम.
कागदावर आकडे आले ते त्यानंतर दोन वर्षांनी.

मग मी स्कूटरला दोन डबे अडकवून
खानावळीच्या मागच्या दाराशी उभी राहू लागले.
बुधवारी आणि रविवारी.
पांढऱ्या रश्शातून निघालेली हाडं:
नळ्या, मणके, चोखून चोखून कोरडी.
वाढप्या विचारायचा, "मॅडम, कुत्री किती पाळलीसा?"

हाडं पिंपात कोंडून, वारा न लागू देता जाळली.
काळी झाली. कुटली.
कारखान्याची मळी आणली ट्रॉलीभर,
गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख आणली, पोती उसनी घेऊन.
वास असा, की शेजारच्या शकूमावशींनी
तीन दिवस खिडकी उघडली नाही.
रात्री खरंच कुत्री आली.
उकरून गेली.
सकाळी पुन्हा सगळं सारखं केलं.

बाबा पायरीवर बसून बघत असायचे.
एक दिवस म्हणाले, "मग, निघालं व्हय सगळं?"
नाही बाबा. निघत नाही ते.
शिशाला हाडाची ओढ असते.
माणसाच्या अंगात शिरलं तरी
शेवटी हाडातच जाऊन बसतं.
इथं त्याला आधीच दुसऱ्या कुणाचं हाड दिलंय,
एवढंच.
बाबा काही बोलले नाहीत.
गुडघ्यावरून हात फिरवत राहिले,
बराच वेळ.

यंदा झेंडू आला. बुटका, पण आला.
दसऱ्याला शेडच्या दाराला तोरण झालं,
फुलं कमी पडली म्हणून मध्ये मध्ये आंब्याची पानं.

कोथिंबीर नाही अजून.
आईनं धणे रगडून ठेवलेत फळीवर,
पैंजणाच्या जुन्या डबीत. विचारते, कधी?
आणखी दोन रिपोर्ट येऊ देत, म्हणते मी,
आणि डबे धुवायला घेते.
वाढप्या आता कुत्र्यांचं विचारत नाही.
नळ्या वेगळ्या काढून ठेवतो.